सोमसूत्री

ज्या घरीं गौरींबरोबरच गणपतीचें विसर्जन होतें, त्या घरच्या गृहिणीला भाद्रपदांत पांच-सहा दिवस मोकळे मिळतात. मखर उतरलेलें असतें, पाट-चौरंग माळ्यावर गेलेले असतात, फराळाचे डबे तळाला लागलेले असतात आणि पितृपक्षाच्या सामानाची यादी अद्याप कोणी हातीं घेतलेली नसते. यंदा त्या दिवसांपैकीं एक दिवस आम्ही उभयतांनीं घराबाहेर घालविला. कोठें गेलों, काय पाहिलें आणि काय पाहावयाचें राहून गेलें होतें, तें या वेळीं वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. प्रवासवर्णन म्हणून त्यांत विशेष कांहीं नाहीं; परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस त्यांत स्वतःच्या घरचें थोडें दिसेल अशी आमची कल्पना आहे.

आमचें घर संगमनेरास, प्रवरेच्या कांठीं. सौ.चें माहेर नेवाशाचें, म्हणजे त्याच नदीच्या खालच्या अंगास. ज्या नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथलें पाणी पिऊन ती वाढली आणि १९८३ सालीं लग्न होऊन प्रवाहाच्या उलट दिशेनें आमच्या घरीं आली. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या जलाशयांत तिचें पाणी सांठतें, हें तिनें शाळेंत वाचलें होतें. "एकदां पाहायला हवं," असें ती पहिल्याच वर्षीं म्हणाली आणि आम्हीं वचन दिलें. त्या वर्षीं आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न निघालें. पुढें मातोश्रींचें आजारपण आलें, मग मुलांच्या परीक्षा आल्या. दर वर्षीं कारण निराळें असे आणि खरेंही असे.

इतकेंच असतें तर त्यांत नवल नव्हतें. मोठ्या घरांतून असें नेहमींच होतें. पण एक गोष्ट येथें कबूल केली पाहिजे. शिक्षकाचा पेशा असल्यामुळें शाळेच्या सहलींबरोबर आम्ही स्वतः भंडारदऱ्यास सात वेळां जाऊन आलों. साती वेळां पहांटे चार वाजतां उठून दशम्या, तिळाची चटणी व मुलांपैकीं कोणी डबा विसरला असेल त्याच्यासाठीं चार जास्त गूळपोळ्या हें सारें सौ.नें बांधून दिलें. संध्याकाळीं परत आल्यावर आम्ही ओसरीवर बसून सर्वांना वर्णन करून सांगावें आणि तिनें तें स्वयंपाकघरांतून ऐकावें, असा प्रघातच पडला होता. यांत कांहीं विपरीत होत आहे असें आम्हांला त्या सबंध काळांत एकदांही वाटलें नाहीं.

यंदा योग आला तो आमच्या थोरल्या वहिनींमुळें. त्यांचें वय आतां चौऱ्याहत्तर. दादांना जाऊन सहा वर्षें झालीं. पुतण्यानें नवी मोटार घेतल्यापासून त्याची जुनी लहान गाडी दारांत उभी असते, आणि निवृत्तीनंतर आम्ही ती चालविण्यास शिकलों आहों. भंडारदऱ्याची गोष्ट जेवतांना निघाली तेव्हां धाकटी सून म्हणाली, "आपण सगळेच जाऊं, दोन गाड्या काढूं." नातवंडांनीं तें लगेच उचललें. वहिनी मात्र ताटावरून मान न उचलतां म्हणाल्या, "सगळे नकोत. त्या दोघांनाच जाऊं द्या." सून जराशी गोंधळली. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "आमचं लग्न झालं त्या वर्षीं हे मला नाशिकला घेऊन निघाले. निघेपर्यंत बरोबर सासूबाई, दोन नणंदा आणि शेजारच्या काकू झाल्या. पुढं मग चाळीस वर्षं तसंच. आम्ही दोघं म्हणून कुठं गेलों नाहीं, आणि आतां जायचं म्हटलं तरी जायचं कुणाबरोबर?" यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. निघण्याचा दिवस ठरला.

सकाळीं सहा वाजतां निघालों. संगमनेरहून भंडारदऱ्याचें शेंडी गांव अकोलें-राजूर मार्गानें सुमारें पांसष्ट ते सत्तर किलोमीटर आहे. पहिला मुक्काम अकोलें. येथें प्रवरेच्या कांठीं अगस्ति ऋषींचा आश्रम दाखवितात. दर्शन घेऊन ओट्यावर बसलों असतां आमच्यांतील संस्कृताचा शिक्षक जागा झाला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत १७९ वें सूक्त अगस्ति आणि लोपामुद्रा यांचें आहे. महाभारताप्रमाणें ही लोपामुद्रा विदर्भराजाची कन्या. त्या सूक्तांत ती पतीला बोलून दाखविते कीं, आपण वर्षानुवर्षें कष्ट करीत आलों आहों आणि आतां वार्धक्य येऊं लागलें आहे. तप असलें तरी पतिपत्नींनीं एकमेकांकडे यावें. या सूक्तावर सायणाचार्य काय म्हणतात, अर्वाचीन पंडित काय म्हणतात, हें आम्हीं सविस्तर सांगितलें. सौ.नें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग अगस्तींनीं काय केलं?" आम्ही म्हटलें, "ऋषीनें तप आणि संसार हीं दोन्हीं साधलीं, असा सूक्ताचा शेवट आहे." "बरं झालं," ती म्हणाली आणि चपला घालून गाडीकडे चालूं लागली. त्या वेळीं आम्हांला एवढेंच वाटलें कीं, तिला विषय चांगला समजला.

अकोल्याच्या पुढें डोंगर जवळ येऊं लागतात. वाटेंत निळवंड्याचें नवें धरण लागतें. त्याचे कालवे पुरे होण्याची वाट खालच्या गांवांनीं कित्येक वर्षें पाहिली. अखेर २०२३ सालीं त्यांतून पाणी सुटलें. राजूरपुढें रंध्याचा धबधबा आहे. धरणांतून पाणी सोडलेलें असल्यामुळें प्रवरा तेथें मोठ्या जोरानें दरींत उडी घेत होती व तिचे तुषार वर येत होते. कठड्याच्या पलीकडे जाऊन छायाचित्रें काढणारी तरुण मंडळी तेथें होती. त्यांना दोन शब्द सांगितले. त्यांनीं ते ऐकले असें वाटलें नाहीं.

शेंडीस पोंचलों तेव्हां साडेनऊ झाले होते. येथील धरणास विल्सन धरण म्हणतात. काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें, आणि मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. बांध दगडी असून उंची सुमारें ८२ मीटर व लांबी सुमारें ५०७ मीटर आहे. जलाशयाला आर्थर सरोवर हें नांव असून त्यांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी राहतें. शंभर वर्षांपूर्वीं एवढें काम या डोंगरांत कसें उभें राहिलें असेल याचें आजही आश्चर्य वाटतें. ज्यांनीं हे दगड फोडले, वाहिले व बसविले त्यांचीं नांवें मात्र कोठें कोरलेलीं दिसत नाहींत. याच पाण्यावर खाली उंसाचा मुलूख उभा राहिला, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें उभारलेला सहकारी साखर कारखानाही याच प्रवरेच्या मुलखांतला. आमच्या नळाला येतें तें पाणीही येथूनच निघालेलें. सौ. बांधाकडे पाहून म्हणाली, "म्हणजे आपण पहांटे आंघोळ केली ती इथल्याच पाण्यानं." हा हिशेब आम्हांला सात सहलींत सुचला नव्हता.

या सरोवराला सबंध वळसा घालणारा रस्ता आहे. लांबी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शेंडीहून दोन वाटा फुटतात. एक उत्तरेच्या कांठानें मुरशेत, पांजरे, उडदावणे या गांवांवरून घाटघरास जाते. दुसरी दक्षिणेच्या अंगानें मुतखेल, कोलटेंभे या गांवांवरून रतनवाडीस, आणि तेथून साम्रदवरून घाटघरास मिळते. चहाच्या दुकानदारानें विचारलें, "कुठून जाणार, बाबा?" आम्ही म्हटलें, "दक्षिणेकडून. प्रदक्षिणेंत दैवत उजव्या हाताला असावें लागतें." अगस्तींच्या दर्शनानें आमचें चित्त तसें झालेंच होतें. पवित्र नदीचें हें पहिलें सरोवर. त्यास प्रदक्षिणा घालावयाची ती यथाविधि घालावी. दुकानदार हसला. सौ. कांहीं बोलली नाहीं.

त्या दिवशींची शोभा आम्हांला शब्दांत सांगतां येणें कठीण आहे. पाऊस उणावला होता, ऊन मधूनच पडत होतें आणि ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरलेले होते. भाताचीं खाचरें पोपटी रंगाचीं झालीं होतीं, आणि कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. सरोवर तुडुंब भरलेलें. पलीकडे उत्तरेस कळसूबाईची रांग. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तिच्या पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग. आम्ही एका हातानें स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानें दाखवीत होतों: ती पाहा कळसूबाई, तें पाहा पाण्यांत शिरलेलें भूशिर, तो पाहा होडीवाला. सौ. प्रत्येक वेळीं "हो, हो" म्हणे आणि मधून मधून "रस्त्याकडे पाहा" असेंही म्हणे.

रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. हेमाडपंती बांधणी, दगडावर बारीक कोरीव काम. शिलाहार राजा झंझ यानें शिवालयें बांधविलीं, त्यांपैकीं हें एक अशी परंपरा आहे. जवळच एक सुंदर पुष्करिणी असून तिच्या भिंतींतील कोनाड्यांतून मूर्ति बसविलेल्या आहेत. मागें रतनगड, सुमारें १३०० मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर आरपार पडलेलें नेढें. समुद्रमंथनांतील अमृताचा या नदीशीं संबंध लावतात व तिला अमृतवाहिनी म्हणतात. आम्हीं देवळाला प्रदक्षिणा घालण्यास आरंभ केला. सौ. पुढें होती. जेथें अभिषेकाचें पाणी बाहेर पडतें तेथपर्यंत जाऊन ती थांबली, हात जोडले आणि आल्या वाटेनें परतली. आम्हीही परतलों. शिवालयाची प्रदक्षिणा अशीच घालतात; तीर्थाची धार ओलांडावयाची नसते. इतक्या संवयीची ही गोष्ट कीं, त्या वेळीं तिचा कांहीं विचारही मनांत आला नाहीं.

देवळाजवळ एका घरीं जेवणाची सोय होती. महादेव कोळी समाजाची एक वृद्ध बाई चुलीवर नाचणीच्या भाकरी थापीत होती. तिनें सौ.ला विचारलें, "बाय, लेकरं न्हाई आणली?" सौ. म्हणाली, "नाहीं, आज फक्त ह्यांनाच आणलंय." ती बाई इतकी हंसली कीं, तव्यावरची भाकरी करपली. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. बोलण्यांतून कळलें कीं, पावसाळ्यांत येथें पाण्याला अंत नसतो आणि उन्हाळ्यांत हंडा घेऊन चालावें लागतें. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षांत चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या संगमनेरास त्याच्या दशांशाच्या आसपास. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून येथेंच रिते होतात आणि पूर्वेकडे कोरडे होऊन जातात. पण पडलेलें पाणी उतारानें धरणांत आणि धरणांतून आमच्याकडे येतें. ज्यांच्या डोक्यावर तें पडलें त्यांच्या वाट्याला भाताचें एक पीक आणि उन्हाळ्यांतला हंडा. सौ.नें त्या बाईच्या हातावर जेवणाच्या पैशांशिवाय घरून आणलेल्या दशम्यांची अर्धी चवड ठेवली. "तुमच्या पाण्यानं मळलेलं पीठ आहे," असें ती म्हणाली.

साम्रदवरून घाटघरास आलों. येथें पठार एकाएकीं संपतें आणि समोर कोंकण उघडें पडतें. कड्यावर उभे राहिलें असतां खालून वर येणारा वारा अंगावरचें पांघरूण उडवितो. येथेंच २००८ सालीं सुरू झालेला घाटघरचा विजेचा प्रकल्प आहे. वरच्या तळ्यांतील पाणी डोंगराच्या पोटांतून सुमारें चारशें मीटर खालीं कोंकणांतील तळ्यांत उतरवितात आणि त्यावर २५० मेगावॅट वीज निर्माण होते. मागणी कमी असते तेव्हां तेंच पाणी पुन्हां वर चढवितात. सासरीं-माहेरीं करणाऱ्या मुलीसारखें तें पाणी, असें सौ. म्हणाली.

कड्याच्या आंत, सुरक्षित जागीं सतरंजी टाकून बसलों. उरलेल्या दशम्या सोडल्या. समाधानानें आम्ही विचारलें, "कसें वाटलें सरोवर?"

ती म्हणाली, "सोनकी फार सुरेख फुलली होती. सबंध डोंगर पिवळा दिसत होता."

आम्ही म्हटलें, "अगं, सोनकी नव्हे, सरोवर."

ती थोडा वेळ दूर कोंकणाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तळं तुमच्या बाजूला होतं."

वाचकहो, हें वाक्य तिनें तक्रारीच्या स्वरांत उच्चारलें असतें तर आम्ही त्याला कांहीं तरी उत्तर दिलें असतें. पण तिनें तें केवळ माहिती म्हणून सांगितलें. आमच्या देशांत मोटारीचें स्टिअरिंग उजव्या बाजूस असतें. सरोवर उजव्या हाताला ठेवून जाणारा चालक पाण्याच्या बाजूला बसतो आणि शेजारीं बसलेली व्यक्ति डोंगराच्या बाजूला. तिला पाण्याकडे पाहावयाचें तर मध्यें आमचें डोकें, आमचा खांदा आणि वर दिशा दाखविणारा आमचा हात. दोन तास ती बेचाळीस वर्षें न पाहिलेल्या सरोवराच्या कांठानें गेली आणि तिनें डोंगराचा उतार पाहिला. त्यांतही तिनें सोनकी शोधून काढली व ती सुंदर आहे असें म्हटलें.

मनांत आलें कीं, आजवर सारें असेंच तर झालें नाहीं ना? ओसरीवर आम्ही, स्वयंपाकघरांत ती. सात वेळां आम्ही सरोवरावर, सात वेळां ती चुलीपाशीं. प्रत्येक वेळीं आमच्याजवळ कांहीं तरी योग्य कारण होतें: कधीं बहिणीचें लग्न, कधीं शाळेची शिस्त, आणि आज तर शास्त्रच. सकाळीं अकोल्यास लोपामुद्रेच्या सूक्तावर आम्हीं अर्धा तास प्रवचन दिलें होतें आणि ऐकणारी कोण होती हें पाहिलें नव्हतें, हें आतां आठवून मान खालीं गेली.

आम्ही म्हटलें, "आतां पुढें उत्तरेच्या कांठानेंही तळें माझ्याच बाजूला राहील. मागें फिरलों तर तें तुझ्या बाजूला येईल. पण मग प्रदक्षिणा अर्धी राहते."

तेव्हां ती म्हणाली, "महादेवाला कधीं पुरी प्रदक्षिणा घालतात का? सकाळीं देवळांत तुम्हीच फिरलांत ना मागं? इथून पाणी खालीं कोंकणांत उतरतं. ही धार ओलांडायची नाहीं. इथंच हात जोडायचे आणि परतायचं."

सोमसूत्रापर्यंत जाऊन तेथूनच परत फिरावें, तें ओलांडूं नये, हा शिवालयाचा विधि. यालाच सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. हें आम्हीं मुलांना अनेक वेळां शिकविलें आहे. त्या दिवशीं तें आम्हांला शिकविलें गेलें. आम्हीं गाडी वळविली.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षांत आली. वळणावळणाच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालविणाऱ्यानें रस्त्याकडेच पाहावयाचें असतें; जातांना आम्हीं जितकें पाहिलें आणि दाखविलें, तितका आम्हीं त्या गाडीचा व तिच्या जिवाचा धोका पत्करला होता. आतां दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आम्ही गप्प बसलों आणि ती बोलूं लागली. रस्ता कांठाला लागे तेथें तेथें ती सांगे: पाण्यांत कळसूबाईचा डोंगर उलटा दिसतो आहे, आणि ढगाची सांवली त्याच्यावरून खालून वर चालली आहे. कांठाला एक झाड अर्धें पाण्यांत उभें आहे. त्यावर चार पाणकावळे पंख पसरून बसले आहेत. एक बाई गुडघाभर पाण्यांत उभी राहून धुणें धूत आहे आणि तिचें पोर दगडावर निजलें आहे. पाण्याचा रंग कांठाला मातकट, पुढें हिरवा आणि मधोमध पाटीसारखा काळा आहे. हें सारें तेथें सातही वेळां असलें पाहिजे. आम्हीं मुलांना धरणाची उंची आणि पाण्याचा सांठा वहींत उतरवून घ्यावयास लावला होता.

कोलटेंभ्याजवळ गाडी बाजूला घेऊन थांबलों. ती खालीं उतरून पाण्यापर्यंत गेली. ओंजळ भरून घेतली, सूर्याकडे तोंड करून सोडली आणि परत आली. पदर ओला झाला होता. "नेवाशाला पोंचायला किती दिवस लागतील हो याला?" तिनें विचारलें. आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. तें धरणाच्या दारांवर आणि कालव्यांवर अवलंबून आहे एवढेंच म्हटलें. ती म्हणाली, "पोंचेल कधींतरी."

घरीं पोंचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सारी मंडळी ओसरीवर जमलीं आणि नेहमींप्रमाणें आमच्याकडे पाहूं लागलीं. आम्ही म्हटलें, "आज मीं रस्ता पाहिला, तळें हिनें पाहिलें आहे. तिलाच विचारा." प्रथम ती संकोचली. मग वहिनींनीं तिला आपल्याजवळ बसवून घेतलें आणि ती सांगूं लागली. स्वयंपाकघरांत त्या वेळीं कोण होतें म्हणाल, तर आम्ही. चहा केला. तो फारसा चांगला झाला नाहीं, पण सर्वांनीं घेतला.

या दिवसानंतर आमच्या घरीं एक लहानसा नियम ठरला आहे, तो वाचकांच्या विचारार्थ येथें देतों. एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही जाणतों. आजारांत, अडचणींत आणि म्हातारपणीं त्याच्यासारखा आधार नाहीं. आमच्या मातोश्रींचें दुखणें चार हातांनीं निभावलें तें त्यामुळेंच. परंतु या व्यवस्थेंत पतिपत्नींना एकमेकांशीं बोलण्याची जागा उरत नाहीं, हा तिचा दोष आहे आणि तो झांकण्यांत अर्थ नाहीं. घरांत तरुण जोडपें दोघेंच बाहेर निघालें कीं वडील माणसें भुंवया उंचावतात, आणि वृद्ध जोडपें निघालें कीं तरुण माणसें काळजीनें बरोबर येतात. दोन्हीं ठिकाणीं हेतु वाईट नसतो. पण परिणाम एकच होतो. म्हणून आमच्याकडे असें ठरलें आहे कीं, घरांतील प्रत्येक जोडप्यानें वर्षांतून एक दिवस दोघांनींच बाहेर जावें, त्या दिवशीं मुलांना व स्वयंपाकाला बाकीच्यांनीं सांभाळावें, आणि कोठें जातां, बरोबर कोण, असे प्रश्न कोणी विचारूं नयेत. ज्यांना जोडीदार उरलेला नाहीं त्यांनीं हें ठरवावें, म्हणजे तें मोडत नाहीं. आमच्या घरीं तें काम वहिनींकडे आहे आणि त्या तें मोठ्या कडकपणें बजावतात.

ज्यांना याच मार्गानें जावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार सूचना. भाद्रपदाचा उत्तरार्ध व आश्विन हा काळ उत्तम. तेव्हां पाऊस उणावलेला असतो आणि तळें भरलेलें असतें. गाडींत तेल राजूरला भरून घ्यावें आणि ब्रेक आधीं तपासून घ्यावेत. हा सारा भाग १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. तेथें कचरा टाकूं नये व गाडीचा भोंगा वाजवूं नये. साम्रदजवळची सांदण दरी पाहण्यासारखी आहे, पण पावसांत तींत उतरूं नये. पाण्यांत पोहण्याचा मोह धरूं नये. जेवण गांवांतल्या घरींच घ्यावें. त्यांचें पाणी आपण फुकट पितों, भाकरीचे पैसे तरी त्यांना मिळावेत.

आणि रस्त्याविषयीं: शेंडीहून प्रथम उत्तरेच्या कांठानें निघून रतनवाडीवरून परत आलें असतां सरोवर सबंध वेळ डाव्या हाताला राहतें. शास्त्राप्रमाणें ती प्रदक्षिणा नव्हे. शेजारीं कोण बसलें आहे तें पाहून वाचकांनीं काय तें ठरवावें. पुतण्या व त्याची पत्नी दिवाळीनंतर जाणार आहेत. गाडी कोणी चालवावी यावर त्यांचा अद्याप वाद चालू आहे, सौ.नें सुनेला एवढेंच सांगितलें आहे कीं, जातांना तूं चालव, येतांना त्याला चालवूं दे.